जिभेची साक्ष

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुतण्याचे लग्न ठरले, त्या आनंदात घरातली आठ-दहा माणसे पुण्यातल्या एका बड्या हॉटेलात जेवायला गेलो होतो. यजमानपण माझ्याकडे होते. नव्या व्याह्यांना वाइनची आवड आहे असे कळले होते, म्हणून मी वाइनची यादी उघडली. ज्या फ्रेंच नावाचा उच्चार मला धड करता येईना आणि ज्याच्यापुढचा आकडा पाहून छातीत धस्स झाले, नेमक्या त्याच नावावर बोट ठेवले. इतके अवघड आणि इतके महाग ते चांगले असलेच पाहिजे, असा माझा हिशेब. वेटरने अदबीने बूच काढले, माझ्या पेल्यात घोटभर लाल वाइन ओतली आणि हात मागे बांधून तो उभा राहिला. मी पेला फिरवला. पेला फिरवायचा असतो एवढे चित्रपटांत पाहिले होते. नाकाशी नेला. वास आला तो ओलसर, कोंदट, काहीसा कुबट. क्षणभर वाटले, हे काही ठीक नाही. दुसऱ्याच क्षणी वाटले, आपल्याला त्यातले काय कळते? या किमतीच्या वाइनला असाच वास येत असेल. मी घोट घेतला, डोळे किंचित मिटले आणि मान डोलावली. झाले! सगळ्यांचे पेले भरले गेले. व्याह्यांनी ‘वा’ म्हटले, पुतण्याने म्हटले, मीही म्हटले.

माझ्या शेजारी आत्या बसली होती. तिने ऐंशी ओलांडली आहे. माहेर रत्नागिरीकडच्या एका खेड्यातले. वाइनचे सोडाच, ती चहासुद्धा दिवसातून एकदाच घेते. “बघू तरी, कसलं एवढं कौतुक चाललंय,” असे म्हणत तिने माझा पेला उचलला, नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला.

“अरे,” ती म्हणाली, “पावसाळ्यात माळ्यावर भिजलेल्या गोणपाटाचा वास मारतोय याला. नासलंय हे.”

मी तिला डोळ्यांनी दटावले. पण वेटरने ऐकले होते. त्याने बाटलीतले थेंबभर एका रिकाम्या पेल्यात घेऊन हुंगले आणि ओशाळून म्हणाला, “आजी बरोबर सांगतायत, साहेब. बूच खराब निघालं.”

पुढे मी चौकशी केली तेव्हा कळले, की झाडाच्या सालीपासून केलेल्या बुचात बुरशीमुळे ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचे एक द्रव्य कधीकधी तयार होते. ते अगदी सूक्ष्म प्रमाणात वाइनमध्ये उतरले तरी तिला ओल्या पुठ्ठ्याचा, भिजक्या पोत्याचा वास येतो. आणि यजमानाला आधी घोटभर वाइन देतात ती त्याला आवडते का हे विचारण्यासाठी नव्हे, तर बाटली बिघडलेली नाही ना हे त्याने पाहावे म्हणून. म्हणजे मला साक्षीदार म्हणून उभे केले होते, आणि मी भर पंगतीत खोटी साक्ष दिली होती. बाटली बदलून मिळाली. गेलेली अब्रू बदलून मिळायची सोय नव्हती.

एवढ्यावरच भागले असते तर हा प्रसंग हसण्यावारी नेता आला असता. परंतु गेली तीस वर्षे मी नियतकालिकांतून पुस्तकांची परीक्षणे लिहीत आलो आहे. दुसऱ्याच्या कृतीची चव घेऊन ती लोकांना सांगणे हाच माझा धंदा. त्या रात्री झोप येईना, कारण तो ओळखीचा होकार मला आठवत राहिला. पारितोषिक मिळालेली एक जाडजूड कादंबरी मी निम्म्यावर सोडली होती आणि तरीही तिच्या ‘सखोल जीवनदर्शना’वर दीड पान लिहिले होते. याहून वाईट म्हणजे, एका अपरिचित तरुण कवयित्रीचा पातळसा संग्रह मला मनापासून आवडला होता, आणि आणखी कोणीतरी आधी बरे म्हणेल तर आपण लिहू, या विचाराने मी तो कपाटात ठेवून दिला होता. कोणीच काही म्हटले नाही. तिचा दुसरा संग्रह आला नाही. नासलेल्याला चांगले म्हणण्यापेक्षा चांगल्याला चांगले म्हणायला घाबरणे हा मोठा अपराध. आणि दोन्हींचे मूळ एकच. आपल्या जिभेवर आपला विश्वास नाही.

तेव्हा वाइनच्या निमित्ताने हा विश्वासाचा प्रश्न थोडा उलगडून पाहावा असे मनात आले. न पिणाऱ्या वाचकांनी पान उलटू नये. मी कोणाला प्यायला सांगत नाही; चाखणे म्हणजे काय, एवढेच पाहायचे आहे.

आपल्याकडे काव्यानंदाला नाव मिळाले ते मुळी स्वयंपाकघरातून. रस म्हणजे काय हे समजावताना भरताने नाट्यशास्त्रात निरनिराळ्या व्यंजनांनी सजलेल्या जेवणाचाच दाखला दिला आहे. तिकडे युरोपात डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७५७ साली अभिरुचीवर निबंध लिहिला, त्यात त्याने वाइनची एक गोष्ट आणली. गोष्ट मूळची सर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’मधली. सांचो पांझा आपल्या घराण्यातल्या दोन पूर्वजांविषयी सांगतो. त्यांना एका पिंपातल्या वाइनविषयी मत विचारले. एक म्हणाला, वाइन चांगली आहे, पण तिला लोखंडाची चव आहे. दुसरा म्हणाला, चव चामड्याची आहे. लोक दोघांनाही हसले. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी एक किल्ली सापडली, आणि तिला चामड्याची वादी बांधलेली होती.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण ती दोन्ही बाजूंच्या आळसाला उत्तर देते. ‘जाणकार सांगतील ते खरे’ असे म्हणणाऱ्याला ती सांगते, की सगळी सभा हसत असली तरी तुझ्या जिभेला जे लागले ते सांग. आणि ‘ज्याची त्याची आवड, त्यात बरेवाईट काय’ असे म्हणणाऱ्यालाही ती सोडत नाही. पिंपात किल्ली होती. चव निव्वळ चाखणाऱ्याच्या मनात नव्हती, वस्तूत होती. आपल्या आवडीवर विश्वास ठेवणे म्हणजे मनाला येईल ते बोलणे नव्हे. तो पुढेमागे पडताळून पाहता येईल असा जबाब असतो.

असा एक पडताळा २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये घडला. स्टीव्हन स्परिअर नावाच्या एका इंग्रज वाइन व्यापाऱ्याने फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. दहा पांढऱ्या, दहा लाल, आणि सगळ्यांची नावे झाकलेली. परीक्षक सामान्य नव्हते. त्यांच्या देशात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. कॅलिफोर्नियाची काय कथा, असे तेव्हा सगळेच समजत. निकाल लागला तेव्हा पांढऱ्यांत शातो माँटेलीनाची १९७३ची शार्दने पहिली आली आणि लाल वाइनमध्ये स्टॅग्ज लीपची १९७३ची कॅबर्ने सोव्हिन्यों, अगदी थोड्या गुणांनी का होईना, पहिली आली. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या! तेथे हजर असलेल्या ‘टाइम’च्या वार्ताहराने नमूद केले आहे, की एका परीक्षकाने कॅलिफोर्नियाच्याच पांढऱ्या वाइनचा घोट घेऊन, चला, पुन्हा फ्रान्सला आलो, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. निकालानंतर एका परीक्षकबाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली असेही सांगतात.

या प्रसंगावरून पुष्कळ लोक परीक्षकांना हसतात. मला ते बरोबर वाटत नाही. त्या नऊ जणांच्या जिभेने त्या दिवशी लबाडी केली नाही. पेल्यात जे चांगले लागले त्याला त्यांनी चांगले गुण दिले. चुकला तो त्यांचा नावांचा अंदाज. नावे झाकली होती म्हणून तर जिभेला बोलायची संधी मिळाली. गुणपत्रिका परत मागणे मात्र मला माझ्या घराजवळचे वाटते. आपण दिलेला खरा जबाब नाव कळल्यावर फिरवावासा वाटणे, हीच तर माझी मान डोलावण्याची जात.

इथे कोणी म्हणेल, ‘मग सोपेच आहे. जाणकारांना काही कळत नाही. आपल्याला आवडेल ते उत्तम.’ थांबा. आपली जीभ तरी किती निर्मळ आहे? फ्रान्समधल्या बोर्दोला वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ती त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनला लावायच्या शब्दांनी केले. डोळ्याने नाकाला पढवले! २००८ साली अमेरिकेत याहून खोल पाहिले गेले. एकच वाइन काही जणांना एकदा दहा डॉलरची म्हणून आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून चाखायला दिली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. नव्वदची म्हणून दिलेली त्यांना अधिक आवडली, आणि मेंदूतला सुखाशी निगडित भागही अधिक चाळवलेला दिसला. म्हणजे ते खोटे बोलत नव्हते. किंमत ऐकून त्यांना खरोखरच अधिक सुख झाले होते. काही आठवड्यांनी किंमत न सांगता तीच वाइन दिली, तेव्हा तो फरक नाहीसा झाला. त्याच वर्षी रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकांनी, जे स्वतः वाइन करतात, कॅलिफोर्नियाच्या एका स्पर्धेतली पाहणी प्रसिद्ध केली. एकाच बाटलीतली वाइन परीक्षकांना न सांगता तीनदा दिली, तर दहांत जेमतेम एका परीक्षकाचे मत तिन्ही वेळा जुळले.

याचा अर्थ मी असा घेतो: जीभ हाच एकमेव साक्षीदार असला, तरी तो लाच खाणारा साक्षीदार आहे. किंमत, रंग, नाव, समोरच्या प्रतिष्ठित माणसाचा चेहरा, सगळ्यांकडून तो थोडेथोडे घेतो. म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवायचा तो त्याला एकांतात प्रश्न विचारूनच. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळावी, आधी चाखावे, मनाशी मत ठरवावे आणि मगच कागद सोडावा. आणि कागद सोडल्यावर मत बदलू नये, निदान त्या दिवशी तरी. पुस्तकांच्या बाबतीतही मी आता मलपृष्ठ आणि प्रस्तावना शेवटी वाचतो.

दुसरा प्रश्न शब्दांचा. आमच्या पिढीला या विषयावर घरात बोलायची सोय नव्हती. सगळे मद्य ‘दारू’ या एका शब्दात आटोपत असे. नारायणगावला १९८०च्या दशकात फेसाळणारी वाइन होऊ लागली, सुलाची नाशिकची पहिली वाइन २००० साली आली, आणि पाहता पाहता ती आपल्या जिल्ह्यांतली शेतमालाची गोष्ट झाली. पण बोलायचे शब्द आपण बाहेरूनच आणले. ज्याने जन्मात गूजबेरी पाहिली नाही तो सोव्हिन्यों ब्लाँकला गूजबेरीचा वास येतो म्हणून सांगू लागला. आत्याने काय केले? तिने तिच्या माळ्यावरचे गोणपाट आठवले, आणि ती अचूक ठरली. खरे म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात चवींचे भांडार केवढे आहे! तुरट या चवीला इंग्रज माणसाला रोजच्या बोलण्यातला शब्द चटकन सापडत नाही. आपल्याकडे ती षड्रसांत मानाने बसली आहे. सुपारी, जांभूळ, आवळा, डाळिंबाची साल, उकळून कडक झालेला चहा, हे ज्याने चाखले आहे त्याला लाल वाइनमधल्या टॅनिनची ओळख कोणी करून द्यायला नको. सोव्हिन्यों ब्लाँकमध्ये ज्याला कैरी, पेरू किंवा ढोबळी मिरची आठवते, त्याने ते खुशाल म्हणावे. ढोबळ्या मिरचीच्या वासाचे द्रव्य त्या वाइनमध्ये प्रत्यक्षच असते.

तीच गोष्ट शिराझची. तिच्यात काळ्या मिरीचा वास येतो असे लोक म्हणत, तेव्हा ऐकणाऱ्याला ते कवित्व वाटे. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले, की मिऱ्यांत असते तेच रोटंडोन नावाचे द्रव्य या वाइनमध्ये असते. पिंपातली किल्ली सापडली! परंतु त्याच संशोधनात असेही दिसले, की सुमारे पाचातल्या एका माणसाला या द्रव्याचा वासच येत नाही. म्हणजे एकाच पंगतीत एक जण मिरी म्हणेल, दुसरा नाही म्हणेल, आणि दोघेही प्रामाणिक असतील. आपल्या जिभेवर विश्वास ठेवणाऱ्याला शेजाऱ्याच्या जिभेचाही मान ठेवावा लागतो तो असा.

आता वाढण्याविषयी. वाइनचे नियम पुष्कळ, आणि त्यांतले कित्येक आपण विवाहातल्या मंत्रांसारखे अर्थ न विचारता म्हणतो. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा त्यांतला पहिला. पण खोली कोणाची? युरोपातल्या जुन्या थंड घरांतली. सोळा ते अठरा अंशांची. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उकाड्यात तीस अंशांच्या दिवाणखान्यात ठेवलेली लाल वाइन कोमट काढ्यासारखी लागते, आणि यजमान नियम पाळल्याच्या समाधानात असतो. ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. जीभच सांगेल की हे बरे. दुसरा नियम, माशांबरोबर लाल वाइन नको. याला मात्र आधार निघाला. २००९ साली जपानी संशोधकांनी दाखवले, की वाइनमधल्या लोखंडाच्या अंशामुळे माशाचा वास तोंडात उग्र होतो. आणि ज्या लाल वाइनमध्ये लोह कमी, तिच्याने तो तसा होत नाही. सांचोच्या पूर्वजाला जे लोखंड जिभेने कळले, त्याचा पुरावा इथेही निघाला म्हणायचा! तेव्हा नियम मोडण्यात पुरुषार्थ नाही आणि पाळण्यातही नाही. नियमामागचे कारण आपल्या ताटाला लागू पडते का, ते पाहावे.

आपल्या ताटाचे तर प्रश्न वेगळेच. फ्रेंच पुस्तकात तांबड्या रश्श्याचे उत्तर नाही. तिखटाने जीभ पोळलेली असताना कडक आणि तुरट लाल वाइन घेतली तर आग वाढते; त्यापेक्षा किंचित गोडसर, थंड, सौम्य पांढरी वाइन, नाशिकची शेनँ ब्लाँ म्हणा, जिवाला निववते. हे मी कुठल्या अधिकारी ग्रंथातून शिकलो नाही. मेहुण्याच्या घरी सुक्या मटणाबरोबर दोन्ही घेऊन पाहिल्यावर शिकलो. आणि एखाद्या पाहुण्याने वाइनमध्ये बर्फ किंवा सोडा मागितला, तर भुवया उंचावू नयेत. ऑस्ट्रियात पांढऱ्या वाइनमध्ये सोडा घालून पिण्याची जुनी रीत आहे. स्पेनमध्ये उन्हाळ्यात लाल वाइनमध्ये गोड सोडा घालतात, आणि कोलासुद्धा घालतात. सांचोच्या देशातली माणसे जे करतात ते आपल्या मामांनी केले तर काय बिघडले? यजमानाची अभिरुची पाहुण्याला लाज आणण्यासाठी नसते. जो घेत नाही त्याच्यापुढे कोकमचे सरबत तितक्याच चांगल्या पेल्यात, तितक्याच थंडाव्याने आणि कारण न विचारता यावे. वाइन हृदयाला चांगली, हेही एक उसने समर्थन आहे. मद्याचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले. घ्यायची असेल त्याने आवडते म्हणून थोडी घ्यावी, औषधाचे नाव पुढे करू नये.

ज्यांच्या घरी वाइन येत नाही त्यांनाही या दिवाळीत हा प्रयोग करता येईल. भाऊबीजेला चार घरांच्या चकल्या जमतात. त्या चार सारख्या वाट्यांत ठेवाव्यात, कोणाची कोणती हे एकट्या धाकट्या भाचीला ठाऊक असावे, आणि प्रत्येकाने आपापले मत कागदावर लिहावे. आमच्या घरी गेल्या वर्षी हे केले. ‘आमच्या हिच्या हातची चकली मी डोळे मिटून ओळखीन’ असे म्हणणाऱ्या मी, डोळे मिटून, व्याह्यांकडच्या चकलीला पहिला क्रमांक दिला. घरात दोन दिवस थोडे गार वाहत होते. पण तिसऱ्या दिवशी हिनेच विहीणबाईंना फोन करून भाजणीचे प्रमाण विचारून घेतले. निकाल कळल्यावर मी कागद परत मागितला नाही, एवढे तरी माझ्या नावावर जमा असावे.

आत्याला मी त्या हॉटेलातल्या प्रसंगानंतर विचारले होते, “तुला इतक्या खात्रीने कसं सांगता आलं? तू तर कधी वाइन घेतलेली नाहीस.”

ती म्हणाली, “वाइन कशाला घ्यायला हवी? तांदूळ जुना की नवा, लोणच्याला बुरशी लागतेय का, दूध नासायला आलंय का, हे बघण्यातच जन्म गेला. वास आला तो सांगितला. तुला नव्हता आला?”

“आला होता,” मी म्हटले.

“मग बोलला का नाहीस?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या आठवड्यात मी कपाटातून तो पातळसा कवितासंग्रह काढला, पुन्हा वाचला आणि त्याच्यावर लिहिले. कविता अजून तितक्याच ताज्या वाटल्या. परीक्षण मात्र बारा वर्षे शिळे होते. कवयित्रीचे चार ओळींचे पत्र आले. तिने आभार मानले होते आणि आता आपण कविता लिहीत नसल्याचे कळवले होते. ते पत्र मी त्या संग्रहातच ठेवले आहे.

सध्या नाशिककडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरची छाटणी होऊन नवी फूट आली असेल. शेतकरी तिला गोडी छाटणी म्हणतात. युरोपात द्राक्षे खुडून होतात त्याच सुमारास आपल्याकडची वेल पालवते, आणि वाइनची द्राक्षे जानेवारीनंतर खुडली जातात. आपल्या हवेत वेलीने आपले वेळापत्रक स्वतःचे स्वतः बसवले. पुस्तकात आहे म्हणून ती सप्टेंबरची वाट पाहत बसली नाही. यंदा कोणी पेला पुढे केला तर मी आधी वास घेईन, आणि जो येईल तो सांगेन. चुकलो तर आत्या आहेच.